माळ्यावरचा नंदी आणि बर्फातली घसरगाडी

लोहारा (जि. यवतमाळ) : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. यवतमाळ शहर असो वा लगतचे लोहारा, लाकडी नंदी सजवून बालगोपाळ घरोघरी बोजारा मागत फिरतात. मुले मोठी झाली की नंदी माळ्यावर जातो. बाजारात त्याला मोल नसते, तरी घरातले कोणीतरी तो टाकू देत नाही. अशाच एका कवडीमोल खेळण्याभोवती ऑर्सन वेल्स यांनी १९४१ साली ‘सिटिझन केन’ हा चित्रपट उभा केला. तेव्हा ते अवघे २५ वर्षांचे होते.

धनाढ्य वृत्तपत्रसम्राट चार्ल्स फॉस्टर केन ‘रोझबड’, म्हणजे गुलाबाची कळी, एवढाच शब्द उच्चारून प्राण सोडतो. एक वार्ताहर त्याचा अर्थ शोधत केनच्या मित्रांना, घटस्फोटित पत्नीला, जुन्या सहकाऱ्यांना भेटतो. त्याला उत्तर मिळत नाही. उत्तर मिळते ते केवळ प्रेक्षकांना, तेही अगदी अखेरीस. रोझबड हे केनच्या लहानपणच्या घसरगाडीचे, बर्फावरून घसरत जाण्याच्या लाकडी खेळण्याचे नाव असते.

या उत्तराचे बीज चित्रपटात आधीच पेरलेले आहे. साल १८७१, ठिकाण कोलोरॅडो. केनची आई खाणावळ चालवते. थकलेल्या पैशांपोटी एका भाडेकरूने दिलेल्या खाणीत सोने निघते आणि आई मुलाला एका बँकरच्या हवाली करण्याच्या कागदावर सही करते. छायालेखक ग्रेग टोलंड यांनी हे दृश्य असे टिपले आहे, की पुढे सहीचे टेबल आणि मागे, खिडकीपलीकडे, बर्फात खेळणारा मुलगा एकाच वेळी स्पष्ट दिसतात. आपला सौदा होतो आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊक नाही. कळते तेव्हा तो हातातली घसरगाडी बँकरच्या पोटात खुपसतो. त्यानंतर पडद्यावर उरते ती अंगणात टाकलेली घसरगाडी आणि तिच्यावर साचत जाणारा बर्फ.

गरिबीने नव्हे, तर पैशाने या मुलाचे बालपण हिरावले, ही यातली खरी बोच. बँकर नाताळात त्याला नवी घसरगाडी देतोही; पण जुन्या गाडीबरोबर आई होती. पुढे केन जगभरातील पुतळे आणि चित्रे विकत घेऊन महाल भरतो. त्याच्या मृत्यूनंतर मोजदाद करणारी माणसे मौल्यवान वस्तू बाजूला काढतात आणि घसरगाडी अडगळ म्हणून भट्टीत टाकतात. चित्रीकरणासाठी बनवलेल्यांपैकी उरलेली एक घसरगाडी मात्र दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८२ साली लिलावात ६० हजार ५०० डॉलरना घेतली!

‘बाजारू मानसशास्त्र’ अशा आशयाचा शेरा मारून वेल्स यांनी स्वतःच रोझबडची खिल्ली उडवली होती. ही कल्पना त्यांचे सहलेखक हर्मन मॅन्किविझ यांची. मॅन्किविझ यांचे चरित्रकार रिचर्ड मेरीमन यांच्या मते तिच्यामागे मॅन्किविझ यांच्या लहानपणी चोरीला गेलेली सायकल होती. शिक्षा म्हणून आईवडिलांनी दुसरी घेऊन दिली नाही.

सायकलीचा धागा मराठीतही सापडतो. परेश मोकाशी दिग्दर्शित ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मध्ये पंढरपूरच्या ज्ञानेशकडे दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल आहे, तिचे नाव एलिझाबेथ. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र जप्त होते आणि सायकल विकायची वेळ येते. इथे संकट पैशाच्या अभावाचे आहे, केनच्या अगदी उलट. आणखी एक फरक आहे. केनची घसरगाडी त्याच्या नकळत मागे राहिली. ज्ञानेश आणि मुक्ता या भावंडांना मात्र आपण काय गमावणार आहोत, हे आधीच कळले आहे. आईच्या नकळत ती यात्रेच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात.