दीर्घकालीन निद्रानाश आणि रात्रभराची निद्राचाचणी : उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
झोपेसाठी पुरेसा अवकाश असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोप न लागणे, मध्येच मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येणे, दिवसाच्या कामकाजावर त्याचा परिणाम होणे आणि ही स्थिती किमान ३ महिने टिकणे, यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अशा व्यक्तीची प्रयोगशाळेत एक रात्र तपासणी केली की कारण उलगडेल, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

चाचणीचे स्वरूप :
पॉलिसोम्नोग्राफीत मेंदूच्या विद्युत लहरी, डोळ्यांच्या हालचाली, हनुवटी व पायांच्या स्नायूंची क्रिया, हृदयाची लय, श्वासप्रवाह आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण यांची एकाच वेळी नोंद होते. हा आलेख ३० सेकंदांच्या खंडांत विभागून झोपेच्या अवस्था ठरवितात.

मर्यादा :
निद्रानाशाचे निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावर आणि दोन आठवड्यांच्या निद्रा-नोंदवहीवर आधारलेले असते. अनोळखी खोलीतील पहिल्या रात्रीची झोप नेहमीसारखी नसते, हे १९६६ मध्येच दाखविले गेले. उलट, काही निद्रानाशग्रस्तांना घरापेक्षा प्रयोगशाळेतच बरी झोप लागते. शिवाय आलेखात पुरेशी झोप दिसूनही 'डोळा लागला नाही' असे सांगणारे रुग्ण आढळतात. म्हणून अहवाल सामान्य आला, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांनीही ही चाचणी सरसकट करू नये, असे म्हटले आहे.

चाचणी केव्हा आवश्यक?
१) मोठे घोरणे, श्वास अडखळणे वा दिवसा अनावर झोप येणे, म्हणजेच स्लीप ॲप्नियाचा संशय;
२) झोपेत पाय वारंवार झटकले जाणे;
३) झोपेत हिंसक वर्तन;
४) निदानाविषयी संदिग्धता किंवा योग्य उपचारानंतरही सुधारणा नसणे.
यांपैकी पहिला मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. निद्रानाश व ॲप्निया एकत्र आढळू शकतात, हे गिल्मिनो व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडले. अशा रुग्णास केवळ झोपेच्या गोळ्या दिल्यास मूळ विकार झाकला जातो आणि काही गोळ्यांनी श्वसनरोध वाढण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
निद्राचाचणी निद्रानाश सिद्ध करीत नाही. त्याआड दडलेला दुसरा विकार ती उघड करते. त्यामुळे सविस्तर पूर्वेतिहास प्रथम, चाचणी निवडक रुग्णांत आणि अन्य विकार नसल्यास बोधात्मक वर्तनोपचार, हा क्रम शास्त्रसंमत ठरतो.