सेकंड लेफ्टनंट टल, इनसाइड फॉरवर्ड

‘शुद्ध युरोपीय वंशाचा’ नसलेल्या माणसाने ब्रिटिश सैन्यात अधिकारी व्हायचं नाही, अशी तजवीज १९१४ सालच्या लष्करी कायद्याच्या ग्रंथात करून ठेवलेली होती. तरीही ३० मे १९१७ रोजी त्याच सैन्याने वॉल्टर टल नावाच्या फुटबॉलपटूला सेकंड लेफ्टनंट केलं. त्याचे वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आजोबा गुलाम. नियम कुणी रद्द केला नव्हता. माणसं इतक्या झपाट्याने मरत होती की नियमाकडे काणाडोळा करणं भाग पडलं, असं माझं मत.

लहानपण थोडक्यात उरकतो. जन्म १८८८, फोकस्टन. आई केंट परगण्यातली. सातव्या वर्षी आई गेली, नवव्या वर्षी वडील. सावत्र आईला इतकी तोंडं पोसवेनात, तेव्हा वॉल्टर आणि थोरला एडवर्ड यांची रवानगी लंडनमधल्या मेथॉडिस्ट अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं आणि तो दंतवैद्य झाला. वॉल्टर छपाईचं काम शिकला. क्लॅप्टन या हौशी संघातून खेळताना तो टॉटनहॅमच्या नजरेत भरला. १९०९ साली सही करताना हातात दहा पौंड आणि आठवड्याला चार पौंड पगार. त्या काळी व्यावसायिक खेळाडूला याहून जास्त देता येत नसे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात टॉटनहॅमचा संघ ब्रिस्टलला खेळायला गेला. तिथल्या प्रेक्षकांपैकी एका टोळक्याने टलच्या रंगावरून असा काही शिमगा केला की एका वार्ताहराने लिहिलं, ही भाषा लंडनच्या मासळीबाजारालाही खाली मान घालायला लावील. त्याच वार्ताहराच्या मते त्या दिवशी मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीपटू टलच होता. मात्र थोड्याच दिवसांत क्लबाने त्याला राखीव संघात बसवलं. टॉटनहॅमकडून लीगचे सामने एकूण दहा, गोल दोन. खेळ घसरला म्हणून बसवलं की गॅलरीतली कटकट नको म्हणून? कागदावर कुणी कारण लिहीत नाही, पण मला दुसरंच खरं वाटतं.

१९११ साली हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला नॉर्दॅम्प्टनला नेलं. हेच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनलला घेऊन इंग्लिश फुटबॉलचे शिल्पकार ठरले. त्यांनी टलला मागे आणून हाफबॅक केलं, आणि तिथे तो शंभरावर सामने खेळला.

मग युद्ध. तरणीताठी पोरं चेंडू लाथाडत फिरताहेत म्हणून १९१४ च्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी फुटबॉलवर आग पाखडली. त्यावर उतारा म्हणून डिसेंबरात मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी पलटण उभी राहिली. लोक तिला फुटबॉलवाल्यांची पलटणच म्हणत. टल लगोलग भरती झाला आणि सार्जंटपदापर्यंत चढला. १९१६ च्या मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने त्याचं मन ढासळलं आणि त्याला मायदेशी उपचारांसाठी पाठवावं लागलं. गौरवलेखांत हा भाग सहसा गाळतात. मला तर तो त्याच्या शौर्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण सप्टेंबरात तो पुन्हा फ्रान्सच्या खंदकांत हजर होता.

पुढच्या मे महिन्यात टलच्या खांद्यावर चढलेल्या अधिकारीपदाच्या ताऱ्यांचं मोल आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. मेसोपोटेमियात लढणाऱ्या मराठा पलटणीतल्या पिकल्या मिशांच्या सुभेदार मेजरलाही, नुकत्याच आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हुकमतीखाली राहावं लागे. हिंदी माणसाला गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवण्याची मुभाच नव्हती. राजाची सनद मोजक्या हिंदी अधिकाऱ्यांना देण्याची घोषणा झाली ती १९१७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे टलला सनद मिळाल्यानंतर. तेव्हा १९१८ च्या पहिल्या रात्री इटलीत पिआव्हे नदीकाठी जे घडलं ते नीट डोळ्यांसमोर आणा. बर्फासारखं पाणी, जोराची ओढ, पलीकडे शत्रू. टल सव्वीस जणांना घेऊन नदी ओलांडतो, छापा घालतो आणि सगळ्यांना जिवंत परत आणतो. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या धैर्याची आणि शांत डोक्याची लेखी प्रशंसा केली. (जाता जाता: हॉलिवूडचा नट आणि केनेडींचा मेहुणा पीटर लॉफर्ड हा याच जनरलसाहेबांचा मुलगा.)

टलला सरसकट ‘पहिला कृष्णवर्णीय अधिकारी’ म्हणतात, ते टिकत नाही. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला तोफखान्यात १९१५ सालीच सनद मिळाली होती. फुटबॉलमध्येही अक्राचा गोलरक्षक आर्थर व्हार्टन टलच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये व्यावसायिक म्हणून खेळून गेला. पहिलेपणाचा हा सोस मला खटकतो. पिआव्हेच्या काळोखात ते सव्वीस जण टलमागे निघाले, ते काही त्याचा नंबर विचारून नव्हे.

२५ मार्च १९१८ रोजी, जर्मनांच्या वसंतातल्या मोठ्या चढाईत, फाव्ह्रॉइ गावाजवळ टल पडला. मशीनगनच्या माऱ्यात त्याला उचलून आणण्याची धडपड केली ती टॉम बिलिंगहॅमने. तो लेस्टर फॉसचा गोलरक्षक, सैन्यात साधा शिपाई. जर्मन अंगावर आले आणि त्याला माघार घ्यावी लागली. देह सापडलाच नाही.

म्हणून टलचं नाव अरासच्या स्मारकावर आहे. तिथे गेलो तेव्हा आधी दिसले ते ल्यूटन्स, आपल्या इंडिया गेटचे वास्तुकार. स्मारक त्यांचंच. जवळजवळ ३५,००० नावं, सगळी बेपत्तांची. नावं रेजिमेंटवार, त्यात हुद्द्यानुसार लावलेली असल्यामुळे सातव्या दालनात मिडलसेक्सच्या रांगेत टल लवकर सापडतो, तोही अधिकाऱ्यांमध्ये.

मिलिटरी क्रॉससाठी त्याची शिफारस झाल्याचं पलटणीतल्या अधिकाऱ्याने एडवर्डला पत्राने कळवलं होतं. शिफारशीचा कागद सरकारी दप्तरात मिळालेला नाही, आणि क्रॉस मरणोत्तर द्यावा म्हणून चाललेल्या मोहिमेला अजून यश आलेलं नाही. नॉर्दॅम्प्टनने मात्र वाट पाहिली नाही. तिथल्या सिक्सफील्ड्स मैदानाशेजारी १९९९ सालापासून त्याचं स्मारक आहे, रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि एका पबलाही. अनाथाश्रमातल्या दारूबंदीवाल्या मेथॉडिस्ट मंडळींनी त्यावर काय म्हटलं असतं कोण जाणे.