ख्रिस्ती आशा : लेखांक ६
स्वर्गाचे नागरिक, फिलिप्पैचे रहिवासी

मागील लेखांकात पेत्राच्या पहिल्या पत्रातील ‘जिवंत आशा’ या संकल्पनेचा विचार झाला. त्याच आशेचे सर्वांत आनंदी रूप नव्या करारात जेथे आढळते, ते फिलिप्पैकरांस पाठवलेले चार अध्यायांचे पत्र प्रेषित पौलाने बेड्यांत असताना लिहिले. तो तुरुंग रोमचा, कैसरियाचा की इफिसचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी मृत्युदंडाची शक्यता त्याच्यापुढे उभी होती, हे पहिल्याच अध्यायावरून दिसते. अशा पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा यावा, याचे कारण बहुधा पौलाला लागलेली स्वर्गाची ओढ असे सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आपले नागरिकत्व स्वर्गात असल्याचे पौल तिसऱ्या अध्यायात (३:२०) सांगतो, तेव्हा त्याचे वाचक कोणत्या नगरात राहत होते हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या विधानाचा रोख कळत नाही.

फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर. त्याचे अवशेष आज उत्तर ग्रीसमध्ये आहेत. इ. स. पूर्व ४२ मध्ये नगराच्या पश्चिमेकडील मैदानात अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांचा, म्हणजे ब्रूटस व कॅशियस यांचा, पराभव केला, आणि त्यानंतर सेवानिवृत्त सैनिकांना जमिनी देऊन तेथे रोमन वसाहत स्थापण्यात आली. पुढे ऑक्टेव्हियन सर्वसत्ताधीश झाल्यावर तिच्यात आणखी भर पडली. वसाहत याचा अर्थ येथे केवळ वस्ती असा नसून, रोमपासून दूर असूनही रोमचा कायदा आणि रोमन नागरिकत्वाचे हक्क चालणारे नगर असा आहे. फिलिप्पैच्या जमिनीला तर इटलीतील जमिनीचा दर्जा होता आणि तेथील शिलालेखांत लॅटिन भाषा ठळकपणे आढळते. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात पौल व सीला यांना अधिकाऱ्यांपुढे ओढत नेणारे लोक ‘आम्ही रोमी’ अशा अभिमानाने बोलतात. त्यांतील अनेकांनी रोम डोळ्यांनी पाहिलेही नसावे.

वसाहतीत नेमून दिलेल्या नागरिकाने कधीतरी गाशा गुंडाळून रोमला परतावे, अशी अपेक्षा नव्हती. जेथे जमीन मिळाली तेथेच राहून राजधानीची रीत रुजवणे हे त्याचे काम होते. पौलाच्या वाक्याचा क्रमही नेमका असाच आहे: विश्वासणारे स्वर्गाकडे निघून जातील असे तो येथे म्हणत नाही, तर स्वर्गातून तारणारा येईल आणि त्यांच्या दुर्बल देहाचे रूपांतर करील, असे म्हणतो. ‘तारणारा’ ही उपाधी त्या काळी सम्राटालाही लावली जात असे, त्यामुळे फिलिप्पैमध्ये ती उच्चारणे हे काहीसे धाडसाचेच होते. ख्रिस्ती मनुष्य म्हणजे फलाटावर बसून गाडीची वाट पाहणारा प्रवासी, हे प्रवचनांतून रुळलेले चित्र या पत्राला लागू पडत नाही.

शिवाय त्या मंडळीतील, म्हणजे तेथील विश्वासणाऱ्यांच्या समुदायातील, सर्वच जण रोमन नागरिक असण्याचा संभव कमी. तिच्यातील पहिली ज्ञात व्यक्ती लुदिया ही जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, मूळची आशिया प्रांतातील थुवतीरा नगरची बाई होती. रोमच्या नोंदवहीत ज्यांना जागा नव्हती, अशा परक्यांना आणि दासांना हे दुसरे नागरिकत्व सैनिकांच्या वारसदारांइतकेच लाभत होते, आणि त्यांच्या आनंदाला यातूनही आधार मिळाला असावा.

पौलाला स्वतःला जाण्याची ओढ नव्हती असे मात्र नाही. देह सोडून ख्रिस्ताजवळ असणे कितीतरी चांगले, असे तो मोकळेपणी लिहितो (१:२३), पण लगेच फिलिप्पैकरांच्या प्रगतीसाठी व आनंदासाठी मागे राहणे अधिक गरजेचे आहे, अशा निर्णयाला येतो. या आनंदात दुःखाला मज्जावही नाही: मंडळीने मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, आणि तो गेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, हे पौल लपवत नाही. स्वर्गाची खात्री असलेल्या माणसाने मित्राच्या मृत्यूला भ्यावे, यात त्याला विसंगती वाटलेली दिसत नाही. उत्तरकालीन भक्तिपर वाङ्मयाने शोकाला अविश्वास ठरवण्याची घाई अनेकदा केली, तिला या पत्रात आधार सापडत नाही.

चौथ्या अध्यायात तर युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना, ज्यांनी सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर श्रम केले होते, त्यांच्यातील मतभेद मिटवण्याची नावानिशी विनंती येते. तेथेच जीवनाच्या पुस्तकाचा, म्हणजे देवाच्या लोकांची नावे असलेल्या स्वर्गीय नोंदीचा, उल्लेख आहे आणि त्याला लागूनच सर्वदा आनंद करण्याची आज्ञा आहे. ज्या सहकाऱ्यांची नावे त्या पुस्तकात आहेत, त्यांच्या मंडळीतले भांडण मिटवायला पौल आणखी एका सोबत्याला सांगतो, आणि तो सोबती कोण हे पत्रात दिलेले नाही.

पुढील लेखांकात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील सृष्टीच्या कण्हण्याचा विषय घेतला जाईल.