दस्तऐवजांवरील स्विस महसूल तिकिटे : संग्रह आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

टपाल तिकिटांचा संग्रह हा सर्वपरिचित छंद आहे. त्या मानाने महसूल तिकिटे मात्र उपेक्षित राहिली आहेत. आपल्याकडे पावतीवर लावले जाणारे 'रेव्हेन्यू तिकीट' सर्वांनी पाहिलेले असते. परंतु त्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. टपाल तिकीट हे सेवेचे आगाऊ दिलेले मोल असते, तर महसूल तिकीट हा शासनाचा कर किंवा शुल्क भरल्याचा पुरावा असतो. स्वित्झर्लंडमधील जुन्या शासकीय व व्यापारी दस्तऐवजांवरील अशा तिकिटांचे स्वरूप स्पष्ट करणे आणि ती दस्तऐवजासह जतन करणे का आवश्यक आहे हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुद्रांकित कागदावर कर आकारण्याची पद्धत १६२४ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली व पुढे ती युरोपभर पसरली. प्रथम कागदावरच शासकीय छाप उमटविला जात असे. चिकटविण्याच्या तिकिटांचा प्रसार एकोणिसाव्या शतकात झाला. कोणत्याही साध्या कागदावर ती लावता येत असल्याने व्यापारी आणि कार्यालये या दोघांचीही सोय झाली.

स्वित्झर्लंडचे वैशिष्ट्य तेथील राज्यव्यवस्थेत आहे. १८४८ च्या संविधानाने संघराज्य स्थापन झाले. टपाल व सीमाशुल्क संघाकडे गेले. परंतु करविषयक अनेक अधिकार कॅन्टनांकडे, म्हणजे घटक राज्यांकडे, राहिले. परिणामी टपाल तिकिटे संपूर्ण देशासाठी एक झाली, तर महसूल तिकिटे संघ, कॅन्टन आणि नगरपालिका अशा तीन स्तरांवर निघत राहिली. या तिकिटांची विविधता थक्क करणारी आहे, ती याच कारणाने.

१९१७ चे वळण

पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होते, तरीही सीमेवरील सैन्याचा खर्च वाढला आणि आयात घटल्याने संघाचे मुख्य उत्पन्न असलेले सीमाशुल्क रोडावले. या आर्थिक ओढाताणीत १३ मे १९१७ रोजी जनमत घेऊन संघाला मुद्रांक शुल्क आकारण्याचा अधिकार देण्यात आला. त्यानुसार ४ ऑक्टोबर १९१७ चा कायदा १ एप्रिल १९१८ पासून अमलात आला. रोखे, विमा हप्ते, हुंड्या, मालवाहतुकीची कागदपत्रे असे व्यापारी व्यवहार त्याच्या कक्षेत आले. ज्या दस्तऐवजांवर संघ कर आकारील त्यांवर कॅन्टनांना पुन्हा मुद्रांक शुल्क लावता येणार नव्हते. त्याबदल्यात निव्वळ उत्पन्नाचा एक पंचमांश वाटा कॅन्टनांना देण्याची तरतूद होती.

कॅन्टनांनी आपल्या सार्वभौमत्वाचा एक अंश कसा सोडला याची ही कथा कागदावर प्रत्यक्ष दिसते. १९१८ पूर्वीच्या हुंडीवर कॅन्टनचे तिकीट आढळू शकते. त्यानंतरच्या हुंडीवरील कर हा संघाचा विषय ठरतो. मात्र न्यायालये, परवाने, दाखले इत्यादींच्या शुल्काचे क्षेत्र कॅन्टन व नगरपालिकांकडेच राहिले. पुढे २७ जून १९७३ च्या नव्या कायद्याने जुन्या संघीय कायद्याची जागा घेतली.

दस्तऐवजाचे वाचन

अशा दस्तऐवजाचा अभ्यास करताना चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. चिन्ह : बर्नचे अस्वल, ऊरीचे बैलाचे मस्तक, जिनिव्हाचा अर्धा गरुड व किल्ली यांवरून तिकीट कोणत्या कॅन्टनचे आहे हे ओळखता येते.

२. भाषा : 'श्टेम्पेलमार्क' हा जर्मन, 'तँब्र फिस्काल' हा फ्रेंच, तर 'मार्का दा बोल्लो' हा इटालियन शब्द आहे. एकाच कॅन्टनमध्ये दोन भाषा असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

३. मूल्य : १८५० च्या नाणेविषयक कायद्यानंतर फ्रँक व त्याचा शंभरावा भाग, म्हणजे रापेन किंवा सांतीम, हे चलन रूढ झाले. हुंडीची रक्कम व तिकिटाचे मूल्य एकत्र पाहिल्यास कराचा दर पडताळता येतो.

४. रद्द करण्याची खूण : टपालाप्रमाणे येथे गोल शिक्काच असेल असे नाही. व्यापाऱ्याची सही, हाताने लिहिलेली तारीख किंवा कार्यालयाचा छाप तिकिटावरून कागदावर ओढलेला असतो. ही खूण अर्धी तिकिटावर व अर्धी कागदावर असते, कारण तेच तिकीट काढून दुसरीकडे वापरले जाऊ नये.

सुटे तिकीट की संपूर्ण दस्तऐवज?

संग्राहकापुढील खरा प्रश्न येथे उभा राहतो. जुन्या संग्राहकांमध्ये तिकीट कापून किंवा पाण्यात भिजवून सुटे करण्याची प्रथा होती. अल्बममध्ये ते नीटस दिसते. परंतु पुरावा मात्र नष्ट होतो. समजा, एखाद्या शहरातील परकीय कामगाराच्या निवास परवान्यावर मुदतवाढीची काही तिकिटे लावलेली आहेत. ती सुटी केली तर हाती केवळ रंग आणि मूल्य उरते. परवाना अखंड राहिला तर तो कामगार कोठून आला, कोणता व्यवसाय करीत होता, किती वेळा मुदत वाढवून घ्यावी लागली आणि प्रत्येक वेळी किती पैसे मोजावे लागले, हे सारे कळते. ज्यांनी आपला इतिहास स्वतः लिहिला नाही, अशा माणसांचा माग कित्येकदा अशाच कागदांतून लागतो.

म्हणून दस्तऐवज अखंड ठेवावा, आम्लविरहित आवरणात व शक्यतो घडी न घालता जतन करावा, चिकटपट्टी लावू नये आणि कागदाच्या मागील बाजूच्या नोंदीही टिपून ठेवाव्यात. खरेदी करताना तो कागद एखाद्या सार्वजनिक अभिलेखागारातून गहाळ झालेला नाही, याची खातरजमा करणे हेही संग्राहकाचे कर्तव्य ठरते.

निष्कर्ष

स्विस महसूल तिकीट आकाराने लहान असले तरी त्यात संघ आणि कॅन्टन यांचे संबंध, व्यापाराची रीत व सामान्य नागरिकाचा शासनाशी आलेला संबंध सामावलेला असतो. मात्र हा अर्थ तिकिटाला त्याच्या कागदामुळे प्राप्त होतो. कागदापासून तोडलेले तिकीट कर किती होता एवढेच सांगते. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी भरला हे सांगण्यास ते असमर्थ ठरते. अर्थशास्त्र, इतिहास व राज्यशास्त्र या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी या साधनाकडे लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे आहे.