मत मिळाले, मजुरी कोणाच्या नावाने?

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने १८ ऑगस्ट १९२० रोजी संघराज्याच्या घटनेतील एकोणिसाव्या दुरुस्तीला संमती दिली आणि केवळ स्त्री आहे म्हणून कोणाचा मताधिकार नाकारणे त्या देशात घटनाबाह्य ठरले. हा निर्णय अगदी थोडक्या मतांनी झाला. हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या सदस्याने आईच्या पत्राला मान देऊन ऐन वेळी आपले मत बदलले, हे त्या देशात आजही कौतुकाने सांगितले जाते. परंतु या एका मताच्या मागे बहात्तर वर्षांची झुंज होती. १८४८ च्या जुलै महिन्यात सेनेका फॉल्स या गावी भरलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी व ३२ पुरुषांनी सह्या केल्या होत्या. त्या स्त्रियांपैकी १९२० साली एकच हयात होती आणि आजारपणामुळे तिलाही मत देता आले नाही.

कंधार तालुक्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. निजामी राजवटीत जबाबदार राज्यपद्धतीच नव्हती. १९३९ साली जाहीर झालेल्या सुधारणांतही सर्वसामान्य रयतेला मत देण्याऐवजी निरनिराळ्या हितसंबंधांना प्रतिनिधित्व देण्याची योजना होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मन्याडच्या खोऱ्यातील शेतकरी आणि त्याची कारभारीण यांना एकाच दिवशी, एकाच किमतीचे मत मिळाले. नवऱ्याच्या आधी नाही, नवऱ्याच्या नंतरही नाही.

यावरून आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो निम्माच खरा आहे.

आधी मालमत्ता, मग मत

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन स्त्रियांनी केवळ मतपेटीसाठी लढा दिला, असे समजणे चूक ठरेल. इंग्लंडमधून तिकडे गेलेल्या कायद्याप्रमाणे विवाहानंतर पती आणि पत्नी मिळून एकच व्यक्ती मानली जाई आणि ती व्यक्ती म्हणजे अर्थातच पती. पत्नीची मजुरी पतीची, तिची मालमत्ता त्याच्या ताब्यात, तिने करार केला तर तो निरर्थक. या एकरूपतेवर पहिला घाव पडला तो आर्थिक बाजूने. न्यूयॉर्क राज्याने १८४८ साली विवाहित स्त्रीचा स्वतःच्या मालमत्तेवरील आणि १८६० साली स्वतःच्या कमाईवरील हक्क मान्य केला. मताधिकाराची मागणी सेनेका फॉल्सच्या परिषदेतही अतिरेकी वाटली होती. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी ती रेटली आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी तिला पाठिंबा दिला, तेव्हा कुठे ती संमत झाली. सुसान अँथनी यांनी १८७२ साली कायदा मोडून मतदान केले. त्याबद्दल त्यांना शंभर डॉलर दंड झाला आणि तो त्यांनी कधीच भरला नाही.

म्हणजे तेथे क्रम असा की, आधी कमाईवर हक्क, मग मतावर. अर्थात तो क्रमही सर्वांना सारखा लाभला नाही. दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना १९२० नंतरही नाना युक्त्यांनी मतदानापासून दूर ठेवण्यात आले आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत त्यांना वाट पाहावी लागली. स्त्रीपुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती अमेरिकन काँग्रेसने १९७२ साली मंजूर केली. पण १९८२ च्या मुदतीपर्यंत आवश्यक त्या ३८ राज्यांपैकी ३५ राज्यांचीच संमती तिला मिळू शकली.

महाराष्ट्रातील वाटचाल

अमेरिकेतील या चळवळीची ओळख मराठी वाचकाला फार पूर्वीच झाली होती. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात त्या देशात राहिल्या आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी तेथील स्त्रियांच्या स्थितीचा विस्ताराने विचार केला. पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी पुण्यात उभ्या राहिलेल्या रमाबाई रानडे यांनी मुंबई इलाख्यातील मताधिकाराच्या चळवळीचेही नेतृत्व केले. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांना मत दिले खरे. परंतु ते मालमत्तेच्या अटींनी बांधलेले होते. १९३५ च्या कायद्यानेही अनेक स्त्रियांना मत मिळाले ते मालमत्ताधारकाची पत्नी म्हणून. ज्याची जमीन त्याचे मत आणि ज्याची पत्नी तिचे मत, असा तो हिशेब होता.

राज्यघटनेने हा हिशेबच मोडून काढला. तथापि मराठवाड्यातील स्त्रीला मत फुकट मिळाले, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात भाग घेतला. ईटच्या गोदावरीबाई टेकाळे यांनी त्यांच्याशी झुंजताना प्राण दिले. मात्र ही लढाई निजामाशी होती, घरच्या कारभाऱ्याशी नव्हती. घरातील सत्तेचा प्रश्न हिंदू संहिता विधेयकाच्या रूपाने पुढे आला. त्या विधेयकाची वासलात लागताना पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ही घटना पहिल्या निवडणुकीच्या तोंडावरची आहे. एका बाजूने स्त्रीच्या हाती मतपत्रिका येत होती आणि दुसऱ्या बाजूने तिचा वारसाहक्क लांबणीवर पडत होता. १९५६ च्या कायद्याने तो अंशतः आला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीने यायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडावे लागले. आपला क्रम असा उलटा आहे: आधी मत, मग मालमत्ता.

कोयता म्हणजे कोण?

या उलट्या क्रमाचे परिणाम पाहण्यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. दिवाळीनंतर कंधार, लोहा, मुखेड भागांतील वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडे पाहिली तरी पुरे. या धंद्यात मजुराची गणना माणशी होत नाही, ती कोयत्यावर होते. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, घेतो ती नवरा आणि हंगामभर फेडतात ती दोघे. पहाटे उठून भाकरी थापणे, दिवसभर फडात मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीत चढवणे यांतील निम्म्याहून अधिक श्रम स्त्रीचे. पण मुकादमाच्या वहीत तिचे नाव नसते. पती आणि पत्नी मिळून एकच व्यक्ती, हा अमेरिकेने टाकून दिलेला जुना नियम उसाच्या फडात अद्याप असा जिवंत आहे. कामाचा खाडा पडू नये म्हणून स्त्रिया गर्भाशय काढून टाकतात, हे बीड जिल्ह्यातून २०१९ साली उघडकीस आले आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

हे टाळता येत नाही, असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यातील हजारो स्त्रिया खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेल्या. त्यातून वाढलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली आणि स्त्रीपुरुषांना कामाच्या मापाने एकच दर हे तिचे सूत्र ठरले. त्या कामांच्या हजेरीपटावर स्त्रीचे स्वतंत्र नाव होते. अनेकींच्या आयुष्यात मतदारयादीखेरीज आपले नाव असलेला तो पहिलाच कागद असावा. हजेरीपट आणि मुकादमाची वही या दोन कागदांमधील अंतर हेच समतेचे खरे माप आहे.

जमिनीचेही तसेच आहे. कायद्याने बरोबरीचा वाटा मिळालेल्या मुली भावाशी संबंध बिघडू नयेत म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवतात आणि माहेरच्या साडीचोळीवर समाधान मानतात. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेऊन पत्नीच्या नावावर जमीन करण्याचे आवाहन केले आणि कित्येक शेतकऱ्यांनी ते मानले. तो धागा पुढे तुटला.

मताची किंमत

मत निरुपयोगी ठरले, असा याचा अर्थ नव्हे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरली. २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. २०२४ साली निवडणुकीपूर्वी स्त्रियांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले, हाही त्या मताचाच प्रताप. परंतु मताच्या बळावर अनुदान मिळवणे आणि श्रमाच्या बळावर मजुरी मिळवणे यांत फरक आहे. अनुदान देणारा ते काढूनही घेऊ शकतो. नावावर असलेली मजुरी आणि जमीन कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. शिवाय २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान नेमके ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर आले. गाव सोडून गेलेल्या मजुराला टपालाने मत देण्याची सोय नाही. म्हणजे जिची मजुरी तिच्या नावावर नाही, तिचे मतही त्या हंगामात गावीच राहते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. कारखान्यांच्या आणि मुकादमांच्या दप्तरी कोयत्याऐवजी दोन स्वतंत्र मजुरांची नोंद व्हावी. उचल आणि मजुरी ज्याची त्याच्या खात्यात जावी. पतीच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागावे. आणि स्थलांतरित मजुराला जेथे असेल तेथून मत देता यावे. यांपैकी एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही. अमेरिकन स्त्रीला मताच्या कागदासाठी बहात्तर वर्षे झगडावे लागले. मराठवाड्यातील स्त्रीला तो कागद १९५२ सालीच मिळाला. तितकीच वर्षे उलटून गेली, तरी मुकादमाच्या वहीतील एक ओळ तिला मिळू नये, याचा जाब विचारण्यासाठीच आता त्या मताचा उपयोग झाला पाहिजे.