चवीपुरते मीठ आणि पुडीवरचे सोडियम

कसाऱ्याची लोकल खर्डी स्थानकात थांबली, की उतारूंपैकी कोणी घराकडे वळण्यापूर्वी टपरीवर टांगलेल्या माळेतून वेफर्सची एखादी पुडी ओढून घेतो, किंमत पाहतो, फार तर तारीख पाहतो, आणि पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला पोषणाचा तक्ता न वाचताच ती फाडतो. त्याला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे होईल. कारण जिच्या हाताला 'चवीपुरते' या एका शब्दाने मिठाचा अंदाज येतो, त्या गृहिणीने तो तक्ता वाचला तरी तिला तेथे मीठ त्या नावाने भेटत नाही. तेथे असते 'सोडियम', आणि तेही मिलिग्रॅममध्ये.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी हा तपशील बंधनकारक केला खरा. परंतु मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायद्याचे समाधान होते, मराठी ऐच्छिकच राहते, आणि १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या वेष्टनास तर तक्त्यातूनच सवलत आहे.

वास्तविक हिशेब अवघड नाही. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा, १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. म्हणजे मीठ २ ग्रॅम झाले, आणि पुडी २५ ग्रॅमची असेल तर पोटात गेले अर्धा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही थोडे कमी, मीठ पुरे मानते. तेव्हा त्या मर्यादेचा दहावा हिस्सा गाडीतून उतरता उतरताच संपला. जे १०० ग्रॅमचा आकडा पुडीचाच समजतात ते विनाकारण धास्तावतात, आणि जे 'एका वाढणी'चा आकडा वाचून मोठा पुडा फस्त करतात ते फसतात.

शिवाय जीभही येथे विश्वासू साक्षीदार नव्हे. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. पाव आणि गोड बिस्किटे खारट न लागताही ते पोटात पोचवतात.

ब्रिटनमध्ये वेष्टनावर थेट मिठाचेच ग्रॅम छापतात. चिलीने २०१६ पासून अतिसोडियम पदार्थांवर काळा अष्टकोन बसवला. आपल्या तक्त्यात 'मीठ' हा शब्द आणि चमच्याचे माप मराठीत उतरले, तर उरलेला हिशेब खर्डीची गृहिणी, भाजीत मीठ टाकताना करते तसा, न मोजताच करील.