गोळ्यांनी न थांबणारी जळजळ आणि विजेचा उपचार

राळेगणसिद्धीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दुखण्याखुपण्याचं बोलणं निघतंच. ‘छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं, गोळ्या खाऊनही उतार नाही,’ ही तक्रार नेहमीची. यावर विजेचा उपचार असतो म्हणतात, तो काय ते आज समजून घेऊ.

विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आपण पाहिलेला आहे. पाणी पाइपात चढतं, पण मागे फिरत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं असंच एक कडं असतं. घास खाली सोडून ते मिटतं. ते सैल पडलं की जठरातलं आम्ल वर येतं. गोळी आम्ल कमी करते, कडं आवळत नाही.

विजेच्या उपचारात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं या कड्यात दोन बारीक तारा आणि पोटाच्या कातडीखाली बॅटरीचं छोटं यंत्र बसवतात. ते दिवसातून ठरावीक वेळा अगदी सौम्य वीज देतं, त्यानं कड्याला ताण येतो. चिली देशात याचे प्रयोग झाले. हैदराबादच्या डॉक्टरांनी ६ रुग्णांना तात्पुरत्या तारा बसवून पाहिल्या. कड्याचा दाब वाढला. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. पण रुग्ण मोजकेच होते, आणि हा उपचार आजही सर्रास होत नाही. त्यामुळे बाहेरून पोटाला करंट लावून ॲसिडिटी कायमची घालवतो, असं कुणी म्हणालं तर गाठीचे पैसे सोडू नका.

आधी गोळी नीट घेतो का ते बघा. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल या गोळ्या उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या. जेवणानंतर घेतल्या तर गुण कमी येतो. सगळ्यांचं झाल्यावर उशिरा जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं, ही आपली सवयही जळजळ वाढवते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. मिश्री सोडा, तंबाखूनं कडं सैल पडतं. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका.

एवढं करूनही थांबलं नाही, तर डॉक्टरांना दुर्बिणीच्या तपासणीबद्दल विचारा. कडं घट्ट करण्याची शस्त्रक्रियाही असते, पण ती तपासणीनंतरच ठरते.

घास अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शौच यांत एक दिवसही दवडू नका. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर ती ॲसिडिटी समजू नका. लगेच १०८ ला फोन करा.